जागल

कारंजा दोन आहेत. एक वाशीम जिल्ह्यातलं, लाडांचं. दुसरं वर्धा जिल्ह्यातलं, घाडग्यांचं. नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला लागलं आणि कोंढाळी मागे पडली की पुढे येतं ते आमचं. पत्त्यात कंसातलं ‘घाडगे’ लिहायचं राहिलं म्हणून एकदा यूपीएसच्या बॅटऱ्या दुसऱ्या कारंज्यात जाऊन पडल्या होत्या. त्या परत येईपर्यंतचे आठ दिवस मुख्य कार्यालयातला सर्व्हर जुन्या बॅटऱ्यांवर, म्हणजे जवळजवळ बॅटरीवाचूनच, चालला. पुढे यंत्रांवर लक्ष ठेवणारं नागिऑस बसवलं आणि फाइलमध्ये पहिल्या यंत्राचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा मी ते ‘घाडगे’सकट पूर्ण लिहिलं.

मी तेव्हा एका पतसंस्थेच्या संगणकांचं काम बघत होतो. मुख्य कार्यालय कारंज्यात आणि सात शाखा. आर्वी, आष्टी, तळेगाव या बाजूंना पसरलेल्या. सगळ्यांचा हिशेब मुख्य कार्यालयातल्या एका सर्व्हरवर. मी राहायला नागपूरला. शाखेत काही बंद पडलं तर काउंटरवरच्या ताई शाखाधिकाऱ्यांना सांगणार, ते मुख्य कार्यालयाला फोन करणार, तिथून कोणीतरी मला करणार. माझ्यापर्यंत गोष्ट पोचेस्तोवर बराच वेळ गेलेला असे. मृग तोंडावर आलेला, बियाण्यासाठी पैसे काढायला आलेली माणसं खिडकीसमोर उभी, आणि प्रत्येकाची परतीची एसटी ठरलेली. असंच एकदा एक आजोबा पैसे न घेताच परत गेले, कारण तीनची गाडी चुकली असती तर रात्र इथंच काढावी लागली असती. त्या दिवशी सर्व्हर ५५ मिनिटं बंद होता आणि मला ते ४०व्या मिनिटाला कळलं होतं. बंद पडलेलं यंत्र ग्राहकाच्या आधी मला कळलं पाहिजे, एवढ्या एका हट्टातून २०११ साली मी नागिऑस बसवायचं काम हाती घेतलं.

नागिऑस मोफत मिळतं. ईथन गॅलस्टॅड या अमेरिकी प्रोग्रामरने ते १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने बाहेर आणलं होतं. नावाच्या हक्काचा प्रश्न उभा राहिला म्हणून २००२ मध्ये त्याचं ‘नागिऑस’ झालं. त्याची रचना समजली तेव्हा मला नवल वाटलं, कारण त्याला स्वतःला काहीच तपासता येत नाही. डिस्क किती भरली, लाइन चालू आहे का, डेटाबेस उत्तर देतो का, यातलं काहीही त्याच्या गाभ्याला ठाऊक नसतं. तपासण्याचं काम लहान लहान सुट्या प्रोग्रामांचं. त्यांना प्लगइन म्हणतात. वेळ झाली की गाभा प्लगइनला हाक मारतो आणि प्लगइन दोन गोष्टी परत देतं: एक ओळ मजकूर आणि एक आकडा. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावध, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे माहीत नाही. प्लगइन शेलमध्ये लिहा, पर्लमध्ये लिहा, सी भाषेत लिहा, त्याचं गाभ्याला सोयरसुतक नाही. आकडा तेवढा बरोबर यायला हवा. मला त्या वेळी ० आणि २ हेच कामाचे वाटले.

पहिल्या आठवड्यात मी सगळीकडे सोबत आलेले नमुन्याचेच आकडे ठेवले. पिंगच्या तपासणीत नमुन्याची मर्यादा अशी: जाऊन येण्याला १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला किंवा २० टक्के पाकिटं हरवली तर सावध, ५०० मिलिसेकंद किंवा ६० टक्के झाले तर गंभीर. सहा शाखांना हे चाललं. सातवी शाखा जंगलाच्या बाजूला होती, तिथे केबल पोचलेली नव्हती, म्हणून छतावर उपग्रहाची छत्री बसवलेली. ती शाखा पडद्यावर कायम लाल. मी दोनदा मोटरसायकलवर जाऊन आलो, छत्रीचे बोल्ट तपासले, वायर बदलली. काउंटरवर काम व्यवस्थित चालू होतं आणि माझा पडदा मात्र लालच. शेवटी कागद घेऊन बसलो. उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर. प्रश्न वर जातो, खाली येतो. उत्तर पुन्हा वर जातं, पुन्हा खाली येतं. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी चार खेपांना ४८० मिलिसेकंदांच्या आसपास लागणारच, आणि मधल्या यंत्रांचा वेळ वेगळा. त्या लाइनीत दोष नव्हता, ती तेवढी लांबच होती. त्या एका शाखेसाठी मी मर्यादा ९०० आणि १,५०० केली आणि लाल रंग गेला. त्या दिवसापासून कोणत्याही तपासणीत नमुन्याचा आकडा तसाच ठेवायला माझं मन घेत नाही. आधी आठ दिवस नुसतं मोजायचं, त्या जागेचं रोजचं चालणं कसं आहे ते बघायचं आणि मग रेघ ओढायची.

भारनियमनाने दुसरा धडा दिला. वीज गेली की शाखेतले शिपाई काका जनरेटर सुरू करायला मागे जात. त्यात दीड-दोन मिनिटं जात, आणि तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा उठे. दर वेळी माझ्या फोनवर दोन संदेश: शाखा गेली, शाखा आली. दिवसातून चारदा वीज गेली की आठ संदेश, आणि शाखा सात. महिनाभरात मी फोन न बघताच खिशात टाकायला लागलो. हे लक्षात आलं तेव्हा मी घाबरलो, कारण न बघितलेल्या संदेशांत एखादा खरा असता तर माझ्यात आणि जुन्या पद्धतीत काही फरक उरला नव्हता.

यावरचा उपाय नागिऑसमध्ये असतोच, तो मी समजून घेतला नव्हता. तपासणी चुकली की ती लगेच खरी मानत नाहीत. आधी ती कच्ची धरतात. दर ५ मिनिटांनी होणारी तपासणी मग दर मिनिटाला करायची आणि सलग चौथ्यांदाही चुकली तरच ती पक्की मानून संदेश पाठवायचा. हे वाचताना मला बाबांची बाग आठवली. मृग बहारासाठी संत्र्याला उन्हाळ्यात ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाड हातचं जातं. मे महिन्यात भर दुपारी बागेत शिरलं की सगळीच पानं मलूल दिसतात. लहानपणी मी एकदा घाबरून बाबांना बोलावून आणलं होतं. ते म्हणाले, “दुपारी सारीच झाडं मान टाकतेत रे. सकाळी उठून पाय. सकाळीबी टाकून दिसली, तं मंग पाणी सोडू.” दुसऱ्या दिवशी उजाडता गेलो तर पानं ताठ होती. बाबांनी संगणक कधी हाताळला नाही. पण कच्चं काय आणि पक्कं काय, ते मला त्यांच्यामुळे लवकर समजलं. चार वेळा, एकेका मिनिटाने, असा नियम केल्यावर जनरेटरच्या दोन मिनिटांचे संदेश थांबले.

त्यानंतर रस्त्याच्या कडेच्या खोदकामात एकदा केबल तुटली. तिच्यापलीकडे तीन शाखा होत्या, आणि प्रत्येक शाखेत राउटर, दोन-तीन संगणक, पासबुक छापायचा प्रिंटर, अशी मी हौसेने नोंदवलेली सगळी यंत्रं. तुटली एकच केबल, पण फोनवर चाळीसच्या वर संदेश आले. त्या गर्दीतून नेमकं काय झालंय ते शोधायलाच मला वीस मिनिटं लागली. त्या रात्री बसून प्रत्येक यंत्राला त्याचा ‘पालक’ लिहून दिला: प्रिंटरच्या पलीकडे राउटर, राउटरच्या पलीकडे ती लाइन, लाइनीच्या पलीकडे मुख्य कार्यालय. नागिऑसमध्ये यालाच पालक म्हणतात. पालक बंद असेल तर मुलाला ‘बंद’ म्हणत नाहीत, ‘पोचता येत नाही’ म्हणतात. या दोन शब्दांतला फरक मला अजून महत्त्वाचा वाटतो. प्रिंटर बंद आहे हे मला कुठे माहीत होतं? त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता बंद आहे, एवढंच तर ठाऊक होतं.

मुख्य कार्यालयाचे शिपाई काका या सगळ्यात माझे डोळे होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात सर्व्हरच्या खोलीला एसी परवडत नव्हता. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता. मी सर्व्हरच्या आतल्या तापमानाचं एक प्लगइन लावलं. प्लगइनच्या ओळीत उभी रेघ मारून पुढे मोजलेला आकडा लिहिला की त्याचा आलेख काढता येतो. पहिल्या आठवड्याचा आलेख बघितला तर रोज दुपारी एकच्या सुमाराला रेघ चढायला लागे आणि तीनला एकदम खाली येई. काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “कूलरचं पाणी एक वाजता सरते न. मी जेवून, बँकेत जाऊन येतो तं तीन वाजते. आल्याबरोबर भरतो.” नागपुरात बसून मला त्यांचं जेवण, त्यांची बँकेची फेरी आणि पाण्याची टाकी दिसत होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवायला जाण्याआधी पाणी भरलं, आणि मेअखेरपर्यंत रेघ सपाट राहिली. मी त्यांना तो आलेख छापून दिला. त्यांनी तो कूलरच्या वर भिंतीला चिकटवला.

एक गोष्ट मात्र मी सुरुवातीलाच चुकलो होतो. नागिऑस मी मुख्य कार्यालयातच, सर्व्हरच्या शेजारच्या टेबलावर बसवलं होतं. संदेश पाठवणारा मोडेमही तिथेच. एका रात्री वादळात वीज गेली आणि यूपीएस संपला तसं राखण करणारंही बंद झालं. माझा फोन रात्रभर शांत होता आणि मी निवांत झोपलो. सकाळी साडेनऊला काकांचा फोन आला: “पोरा, तुह्या मशीननं काई सांगतलं नाई का? इथं तं सारं बंद हाय.”

आमच्याकडे पीक उभं असताना रात्री शेतात राखणीला जातात, त्याला जागल म्हणतात. रानडुकरं आणि रोही यांच्यापायी जागलीला जावंच लागतं. लहानपणी मी बाबांबरोबर मचाणावर झोपलोय. बाबा रात्रीतून अधूनमधून लांब हाक घालायचे. ती जनावरांसाठी, असं मी समजत होतो. पण ती शेजारच्या शेतातल्या माणसासाठीही असे, आणि तिकडून तशीच हाक परत येई. एका रात्री आली नाही. बाबांनी आणखी दोनदा हाक दिली, मग कंदील उचलून धुऱ्याने निघाले आणि मला मागून यायला सांगितलं. शेजारचे काका तापाने फणफणले होते. सकाळपर्यंत कोणाला कळलं नसतं. त्या वादळानंतर मी नागपुरात माझ्या खोलीवर एक जुना संगणक लावला. कारंजाचं यंत्र दर ५ मिनिटांनी त्याला ‘मी आहे’ एवढंच कळवणार. १५ मिनिटं काही आलं नाही तर नागपूरचं यंत्र आपणहून २ हा आकडा लावून मला उठवणार. नागिऑसच्या भाषेत याला ताजेपणाची तपासणी म्हणतात. मी फाइलमध्ये तिचं नाव ‘जागल’ ठेवलं.

एवढं झाल्यावर मला वाटलं, आता शांततेला फसायचो नाही. फसलो, आणि तेही स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चौदा ओळींना.

रोज रात्री ‘डे एंड’, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, झाल्यावर हिशेबाच्या डेटाबेसची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर उतरत असे. ती उतरली की नाही हे बघायला मी शेलमध्ये एक प्लगइन लिहिलं. फोल्डरमधली सर्वांत नवी फाइल शोधायची, तिचं वय सेकंदांत काढायचं, ते ९३,६०० पेक्षा जास्त, म्हणजे २६ तासांहून जुनं असेल तर २ द्यायचा. नसेल तर शेवटच्या ओळीत ‘बॅकअप ठीक’ लिहून ०. महिनोन्‌महिने हे हिरवं होतं. मग लेखापरीक्षणासाठी एका विशिष्ट दिवसाची प्रत उघडायची वेळ आली. डिस्क उघडली तर ती जोडलेलीच नव्हती. कूलर साफ करायला टेबल सरकवलं होतं, त्यात वायर सुटली असावी. वायर लावून पाहिलं, तर शेवटची प्रत ११ दिवसांपूर्वीची. त्या ११ दिवसांत मूळ सर्व्हरला काही झालं असतं तर सात शाखांमधल्या माणसांनी भरलेले पैसे, पिग्मी प्रतिनिधींनी दुकानादुकानांतून गोळा केलेल्या दहा-वीस रुपयांच्या नोंदी, काहीच परत मिळालं नसतं. मूळ सर्व्हर धड राहिला. ते नशीब होतं, माझं काम नव्हे.

आणि पडद्यावर त्या ११ दिवसांत एकदाही लाल आलं नव्हतं. का, हे शोधायला मी स्क्रिप्ट ओळीओळीने चालवली. डिस्क नसल्यामुळे फोल्डर रिकामं; फाइलच नाही, म्हणून वयाच्या जागी काहीच नाही. रिकाम्या जागेची ९३,६०० शी तुलना करता येत नाही. शेल तिथे चूक झाल्याची एक ओळ छापतं, अट पुरी झाली नाही असं धरतं आणि पुढच्या ओळीवर जातं. पुढची ओळ होती ‘बॅकअप ठीक’. काही सापडलं नाही तर सगळं ठीक आहे, असं माझ्या स्क्रिप्टने रोज सांगितलं होतं, आणि तसं सांगायला तिला मीच शिकवलं होतं.

मी ती नव्याने लिहिली. पहिल्याच ओळीत उत्तर ३ धरलं: माहीत नाही. मग एकेक पायरी. डिस्क जोडलेली आहे का? फाइल आहे का? तिचं वय हा आकडाच आहे ना? आकार कालच्या फाइलच्या मानाने फारच लहान तर नाही? या सगळ्यांतून पार झाली तरच ० पर्यंत जायचं. मग मुद्दाम वायर काढून पाहिली. पडद्यावरचा चौकोन नारिंगी झाला. नागिऑसमध्ये ‘माहीत नाही’चा रंग नारिंगी असतो. मी फोन हातात धरून थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फोन वाजला नाही.

कारण पहिल्याच महिन्यात मी ‘माहीत नाही’चे संदेश बंद केले होते. कोणत्या अवस्थांत संदेश पाठवायचा ते प्रत्येक तपासणीत अक्षरांनी लिहितात. त्यातलं या अवस्थेचं ‘यू’ हे अक्षर मी सगळीकडून खोडलं होतं. नवी प्लगइनं बसवताना ती दिवसभर ३ देत राहतात, त्याचा त्रास होत होता. तो त्रास थांबला आणि बरं वाटलं म्हणून ते अक्षर परत लिहायचं मनातही आलं नाही. जागलीवर मी २ लावला होता म्हणून ती वाचली, एवढंच.

त्या संध्याकाळी मी सगळ्या तपासण्यांत ते अक्षर परत घातलं. रात्रीतून १७ संदेश आले. पुढचे दोन आठवडे त्यांचा एकेक करून माग काढला. एका प्लगइनच्या पर्यायाचं स्पेलिंग चुकलं होतं, म्हणजे ती तपासणी बसवल्या दिवसापासून एकदाही झालेली नव्हती. एका ठिकाणी पासवर्ड बदलला होता आणि माझ्या फाइलमध्ये जुनाच होता. उपग्रहाच्या शाखेत तपासणीला १० सेकंद पुरतच नव्हते. या सगळ्यांना मी इतके महिने चालू समजत आलो होतो.

काही वर्षांनी ते काम मी सोडलं. ज्या मुलीने ते घेतलं ती आर्वीची, पहिलीच नोकरी. फाइली तिच्या हवाली करताना मी दोन दिवस कारंज्यात राहिलो. काका तोवर निवृत्त झाले होते. आलेख भिंतीवरच होता, कडा पिवळ्या पडल्या होत्या.

तीनेक महिन्यांनी तिचा फोन आला. सर्व्हर नवा घेतला होता, सगळ्या तपासण्या तिने नीट हलवल्या होत्या. एकच अडत होतं.

“सर, बॅकअपचा चेक सारखा नारिंगीच दाखवतो. मी स्वतः स्क्रिप्ट चालवून बघते तेव्हा अडत नाही, आकडा बरोबर येतो. रात्री मेसेज येतात म्हणून घरचे वैतागलेत. तात्पुरता ठीक करून ठेवू का?”

मी तिला विचारलं, तू स्क्रिप्ट चालवलीस ती कोणाच्या नावाने?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “रूट म्हणून.”

रूटला सगळंच वाचता येतं, पण नागिऑस रूट म्हणून चालत नाही. त्याचा स्वतःचा वेगळा वापरकर्ता असतो, आणि नव्या डिस्कवरचं ते फोल्डर वाचायची परवानगी त्याला कोणी दिलेली नव्हती. तिला ते मी सांगायच्या आधीच सुचलं. फोनवर की-बोर्डचा आवाज ऐकू येत होता. परवानगी दिली, तपासणी हाताने पुन्हा लावली.

“झालं सर,” ती म्हणाली आणि थांबली. “लाल झालं. फाइल परवाची आहे. म्हणजे मी हातानं चालवून बघितलं ते परवापर्यंत, नंतर बघितलंच नाही. काल रात्री बॅकअप झालेलाच नाही.”

पुढचं बोलणं झालंच नाही. डे एंडला अर्धा तास होता आणि तिला त्याआधी प्रत काढायची होती, म्हणून तिने फोन ठेवला.